पेनड्राईव्हमधले फोल्डर शॉर्टकट होतात, फॉरमॅट करूनही परत तेच

डिचोलीकर

नमस्कार. मामलेदार कचेरीजवळ झेरॉक्स आणि ऑनलाईन अर्जांचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, दोन्हींवर विंडोज १०, मध्ये एक शेअर केलेलं फोल्डर, छपाईला कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर. लोक पेनड्राईव्ह घेऊन येतात आणि एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा उतारा), दाखले, पंचायतीला द्यायचे अर्ज असं काय काय छापून नेतात.

गेल्या काही दिवसांपासून कुठलाही पेनड्राईव्ह लावला की आतले फोल्डर दिसेनासे होतात आणि एकच शॉर्टकट उरतो. त्याला नाव पेनड्राईव्हचंच. त्यावर डबल-क्लिक केलं की सगळ्या फाइली नीट उघडतात, त्यामुळे आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. दुकानातला एक रिकामा पेनड्राईव्ह फॉरमॅट केला, काढून परत लावला, तर पुन्हा शॉर्टकट. डिफेंडरचा (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा) क्विक स्कॅन सांगतो, काही सापडलं नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गिऱ्हाइकांच्या फाइली गेल्या का? विंडोज नव्याने टाकावं लागेल का? आणि याच मशीनवर बँकेचे पासवर्ड आहेत, डिजिटल सहीचं टोकनही इथेच लावतो. त्याला किती धोका?

कुळागर

फाइली गेलेल्या नाहीत. त्या लपवल्या आहेत. म्हणून सर्वांत आधी: यापुढे एकही पेनड्राईव्ह फॉरमॅट करू नका. फॉरमॅटने गिऱ्हाइकाचा माल जाईल आणि रोग तसाच राहील, कारण तो पेनड्राईव्हमध्ये नसून तुमच्या मशीनमध्ये आहे.

हा प्रकार नेमका कसा चालतो ते समजलं की पुढची पावलं आपोआप कळतात. मशीनवर एक प्रोसेस सतत चालू असते आणि नवा ड्राईव्ह लागला का, हे दर काही सेकंदांनी तपासते. लागला की ती त्यावर एक फोल्डर तयार करते, ज्याचं नाव म्हणजे नुसतं एक न दिसणारं अक्षर असतं (कोड १६०, दिसायला स्पेस, पण साधी स्पेस नव्हे). ड्राईव्हवरचं सगळं उचलून त्या बिननावाच्या फोल्डरमध्ये सरकवते. मग त्या फोल्डरला ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ असे दोन्ही गुणधर्म लावते, स्वतःची प्रत शेजारी ठेवते आणि वर ड्राईव्हच्या चित्राचा शॉर्टकट चिकटवते.

त्या शॉर्टकटवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि ‘टार्गेट’ची ओळ वाचा. तिथे फोल्डरचा पत्ता असायला हवा. त्याऐवजी सीएमडी, डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा रनडीएलएल३२ असं काही दिसेल, पुढे एका स्क्रिप्टचं नाव आणि सगळ्यात शेवटी खरं फोल्डर उघडण्याची आज्ञा. म्हणजे एका डबल-क्लिकमध्ये दोन कामं होतात: आधी स्क्रिप्ट चालते, मग फाइली उघडतात. माणसाला फक्त दुसरं दिसतं.

पूर्वी पेनड्राईव्ह नुसता लावला तरी ऑटोरनने व्हायरस आपोआप चालायचा. २००८ च्या कॉन्फिकर या वर्मने (स्वतःहून पसरणारा प्रोग्रॅम) त्याचा भरपूर फायदा घेतला. विंडोज ७ मध्ये ही सोय पेनड्राईव्हपुरती बंद झाली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी व व्हिस्टासाठीही तसाच अपडेट आला. तेव्हापासून या मंडळींना माणसाच्या बोटाची गरज लागते, म्हणून हा शॉर्टकटचा सापळा. २०१० च्या स्टक्सनेटमध्ये शॉर्टकटचं नुसतं चित्र दिसलं तरी मशीन बाधित व्हायचं, पण ती फट केव्हाच बुजवली आहे. तुमच्याकडे कुणीतरी क्लिक केलेलं आहे, एवढं धरून चाला.

आता सफाई. क्रम मोडू नका, कारण क्रम चुकला की केलेलं सगळं काम काही सेकंदांत उलटतं.

दोन्ही मशीन नेटवरून आणि एकमेकांपासून तोडा, म्हणजे केबल काढा आणि वायफाय बंद करा. शेअर केलेलं फोल्डर चालू राहिलं तर एक साफ करताना दुसऱ्याकडून परत येईल. सगळे पेनड्राईव्ह काढून ठेवा.

टास्क मॅनेजर उघडा, ‘डिटेल्स’मध्ये जा, वरच्या पट्टीवर राइट-क्लिक करून ‘कमांड लाइन’ हा रकाना चालू करा. त्याशिवाय काही कळणार नाही, कारण डब्ल्यूस्क्रिप्ट हा मायक्रोसॉफ्टचाच प्रोग्रॅम आहे आणि त्याच्यावर सहीही मायक्रोसॉफ्टचीच असते. त्याला कुठली फाइल चालवायला दिली आहे, ते बघायचं. ॲपडेटा, टेम्प किंवा प्रोग्रॅमडेटामधली व्हीबीएस किंवा जेएस (म्हणजे स्क्रिप्टची) फाइल दिसली, तर तिचा पूर्ण पत्ता कागदावर लिहून घ्या आणि मगच प्रोसेस बंद करा.

प्रोसेस आधी, नोंद नंतर. रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतली) नोंद आधी पुसली तर चालू असलेली प्रोसेस ती लगेच परत लिहिते. पुष्कळ लोक इथेच थकतात. प्रोसेस बंद केल्यावरही उठत असेल तर सेफ मोडमध्ये जा: शिफ्ट दाबून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज आणि आकडा ४. सेफ मोडमध्ये ‘रन’ची नोंद आणि स्टार्टअप फोल्डर वाचलंच जात नाही. बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) चालू असेल तर वाटेत रिकव्हरी की मागू शकतो. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, आधीच काढून ठेवा.

मग मुळं उपटायची. जागा तीन: रजिस्ट्रीतली ‘रन’ ही की (करंट युजर आणि लोकल मशीन, दोन्हीकडची), स्टार्टअप फोल्डर आणि टास्क शेड्युलर. हे एकेक शोधण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोरन्स वापरा. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून सीडीवर किंवा लॉकचं बटण असलेल्या पेनड्राईव्हवर आणा. ‘लॉगऑन’ आणि ‘शेड्यूल्ड टास्क्स’ ही दोन पानं नीट वाचा. संशयास्पद ओळीची खूण आधी नुसती काढा, रीस्टार्ट करून बघा, मग डिलीट. शेवटी कागदावर लिहिलेल्या पत्त्यावरची स्क्रिप्ट पुसा.

डिफेंडर गप्प का होता, तेही बघा. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, तिथे अगदी खाली ‘एक्स्क्लूजन्स’. तुम्ही कधीही न टाकलेलं फोल्डर, किंवा आख्खा सी ड्राईव्ह तिथे दिसला तर उत्तर मिळालं: हे तपासू नकोस असं व्हायरसनेच सांगून ठेवलंय. ती यादी रिकामी करा आणि टॅम्पर प्रोटेक्शन चालू करा. आता नेट जोडा, डिफेंडरच्या व्याख्या (व्हायरस ओळखायची यादी) अपडेट करा आणि स्कॅन ऑप्शन्समधून ‘ऑफलाइन स्कॅन’ लावा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज चालू होण्याआधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात. त्यानंतर फुल स्कॅन. तो रात्रभर चालू दे.

साफ झालं की नाही याची खात्री अशी करा: ज्यात काही महत्त्वाचं नाही असा पेनड्राईव्ह घ्या, त्यात एक फोल्डर आणि एक टेक्स्ट फाइल ठेवा, लावा आणि दोन मिनिटं थांबा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी पेनड्राईव्हचं अक्षर आणि कोलन टाकून एंटर, नंतर डीआयआर, स्पेस, तिरकी रेघ ए. या ‘ए’मुळे लपलेलंही दिसतं. तुमच्या दोनच वस्तू दिसल्या तर ठीक (विंडोजचं स्वतःचं ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ दिसेल, त्याला हात लावू नका). रीस्टार्ट करून हीच चाचणी पुन्हा.

दोन्ही मशीन या चाचणीत पास झाल्यावरच गिऱ्हाइकांच्या पेनड्राईव्हला हात लावा. कमांड प्रॉम्प्टमध्ये रोमन अक्षरांत: ॲट्रिब, स्पेस, वजा एच, स्पेस, वजा आर, स्पेस, वजा एस, स्पेस, तिरकी रेघ एस, स्पेस, तिरकी रेघ डी, स्पेस, मग ड्राईव्हचं अक्षर, कोलन, उलटी तिरकी रेघ आणि तारा-टिंब-तारा. माउसने प्रॉपर्टीजमधून ‘हिडन’ची खूण काढायला जाल तर ती राखाडी दिसेल, कारण ‘सिस्टिम’ हा गुणधर्मही लागलेला असतो आणि तो तिथून निघत नाही. एखाद्या फोल्डरला ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर घाबरू नका. मग बिननावाचं फोल्डर दिसेल, त्यातलं सगळं कट करून बाहेर आणा आणि ते फोल्डर, शॉर्टकट आणि स्क्रिप्ट पुसून टाका. शॉर्टकट उघडू मात्र नका.

म्हापसेकर

कुळागर यांनी सांगितलेला क्रम बरोबर आहे. पण विंडोज नव्याने टाकायचं की नाही, या प्रश्नाचं स्पष्ट उत्तर राहिलं.

नुसती स्क्रिप्ट असेल, तिचा पत्ता सापडला असेल आणि चाचणी दोनदा पास झाली असेल, तर नव्याने टाकायची गरज नाही. पण पुढच्यापैकी एक जरी दिसलं तरी वेळ घालवू नका, सरळ पुसून टाका.

एक, स्कॅनमध्ये सॅलिटी, रॅमनिट किंवा विरुट ही नावं. हे खऱ्या अर्थाने व्हायरस आहेत. नुसती वेगळी फाइल ठेवून थांबत नाहीत, तुमच्या चांगल्या ईएक्सई (प्रोग्रॅमच्या) फाइलींच्या आत स्वतःला शिवून घेतात. रॅमनिट तर एचटीएमएल फाइलीही सोडत नाही. अँटिव्हायरस हजारभर फाइली ‘दुरुस्त’ करतो, त्यातली एक राहिली तरी ती चालवल्याबरोबर सगळं पहिल्यापासून. विरुटच्या कोडमध्येच चुका आहेत, त्यामुळे काही फाइली दुरुस्त होण्यापलीकडे बिघडतात.

दोन, डिफेंडर चालूच होत नाही, किंवा एक्स्क्लूजन पुसल्यावर परत येतं. म्हणजे ॲडमिनच्या हक्काने काहीतरी अजून बसलेलं आहे.

तीन, फाइलींची एक्स्टेन्शन बदलली आहेत आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैशांची मागणी करणारी चिठ्ठी आहे. तो रॅन्समवेअर. तिथे ॲट्रिबचा काही उपयोग नाही, फाइली खरोखरच कुलूपबंद झालेल्या असतात. त्या पुसू नका, वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा. ‘नो मोअर रॅन्सम’ हा युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेला उपक्रम आहे, तिथे काही प्रकारांच्या चाव्या फुकट मिळतात. पैसे भरू नका.

नव्याने टाकताना: मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल, किमान ८ जीबीचा पेनड्राईव्ह, आणि तो दुसऱ्या स्वच्छ मशीनवर बनवलेला. इन्स्टॉल करताना सी आणि विंडोजची स्वतःची छोटी पार्टिशन्स डिलीट करा (डी नव्हे), नुसतं वर चढवू नका. डी ड्राईव्हवरचे कागद, फोटो, पीडीएफ ठेवता येतील, पण तिथल्या ईएक्सई, सेटअप आणि शॉर्टकट फाइली ठेवू नका. लोक सी साफ करतात आणि पहिल्याच दिवशी डी वरचा जुना सेटअप चालवतात.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. विंडोज, ऑफिस किंवा डीटीपीच्या फाँटचं क्रॅक मशीनवर असेल तर वरचं सगळं व्यर्थ. ‘चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना ज्या फाइलीसोबत येते, ती ॲडमिनच्या हक्काने काय करते हे तुम्हाला कधीच कळणार नाही. लोकांचे आधार आणि जमिनीचे कागद हाताळणाऱ्या दुकानात ती फाइल नसावी.

डिचोलीकर

दोघांनाही धन्यवाद. पहिल्या मशीनवर डब्ल्यूस्क्रिप्टच्या पुढे ॲपडेटातली व्हीबीएस फाइल सापडली. टास्क शेड्युलरमध्येही तिची ओळ होती. सगळं काढलं, चाचणी रीस्टार्टनंतरही पास.

दुसरं मशीन वेगळं दिसतंय. टास्क मॅनेजरमध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट नाहीच. पेनड्राईव्हवर ‘सिसव्हॉल्यूम’ नावाचं लपलेलं फोल्डर होतं, त्यात यू आणि सहा आकडे अशा नावाच्या तीन फाइली. एक्स्क्लूजन्समध्ये दोन ओळी आहेत. आणि सी ड्राईव्हवर विंडोज नावाची दोन फोल्डर दिसतात! मशीन तापतंही खूप, पंखा थांबत नाही. दुसरं विंडोज पुसू का?

कुळागर

थांबा, एक्सप्लोररमधून पुसू नका.

हा दुसरा प्रकार आहे, आणि पंखा सांगतोय तो कशासाठी बसलाय ते: तुमच्या वीजबिलावर क्रिप्टो चलन काढायला. त्या दोनपैकी एका फोल्डरच्या नावाच्या शेवटी एक स्पेस आहे. आत सिस्टिम३२, त्यात प्रिंटयूआय नावाचा मायक्रोसॉफ्टचा अस्सल प्रोग्रॅम, आणि शेजारी त्याच्याच नावाची नकली डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी जोडफाइल). अस्सल प्रोग्रॅम चालू होताना शेजारची डीएलएल उचलतो. पत्ता खऱ्या विंडोजसारखा वाटल्यामुळे परवानगीची खिडकीही येत नाही. पुढे तो सर्व्हिस (विंडोजसोबत मागे चालणारं काम) म्हणून बसतो, म्हणून ‘रन’मध्ये काही दिसत नाही.

एक्सप्लोरर नावाच्या शेवटची स्पेस गाळतो. म्हणजे तुम्ही नकली फोल्डर निवडलंत तरी आज्ञा खऱ्या विंडोजला लागू शकते. कमांडने काढता येतं, पण तिथे एका स्पेसची चूक म्हणजे आख्खी सिस्टिम गेली. एखाद्या स्वच्छ मशीनवर लिनक्स मिंटचा लाइव्ह पेनड्राईव्ह बनवा (रुफस या प्रोग्रॅमने, ८ जीबी पुरतो) आणि त्यावरून हे मशीन चालू करा. लिनक्सला दोन्ही नावं वेगळी दिसतात. ज्यात फक्त सिस्टिम३२ आहे आणि एकूण आकार अगदी लहान आहे, ते नकली. त्याआधी विंडोज शिफ्ट दाबून शटडाउन करा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडते आणि काहीच पुसता येत नाही.

पण खरं सांगायचं तर या मशीनवर म्हापसेकरांचा दुसरा मुद्दा लागू आहे. ॲडमिनचे हक्क घेतलेले आहेत, सर्व्हिस बसवलेली आहे, एक्स्क्लूजन घातलेलं आहे. लिनक्समधून कागदपत्रं बाहेर काढा आणि नव्याने टाका.

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण पैशाचं नुकसान तिथेच होतं. पहिल्या मशीनवरच्या जातीच्या व्हीबीएस, २०१३ पासून फिरणाऱ्या हाऊडिनीसारख्या, नुसत्या पसरत नाहीत. बाहेरच्या माणसाकडून आज्ञा घेतात, फाइली पाठवतात. तेव्हा ब्राउझरमध्ये साठवलेला प्रत्येक पासवर्ड बाहेर गेला असं समजा. बदलायचे ते मोबाइलवरून, या मशीनवरून नाही. आधी ईमेल, मग बँक, मग सरकारी पोर्टलं. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. ‘सगळीकडून लॉग आउट’ही करा, कारण चोरलेल्या कुकीने (ब्राउझरने साठवलेल्या लॉगिनच्या खुणेने) पासवर्ड न लागताच आत शिरता येतं. डिजिटल सहीची खाजगी की टोकनच्या बाहेर निघत नाही, ती सुरक्षित. पण टोकन लावलेलं असताना आणि पिन कळलेला असताना मशीनवर बसलेला कुणीही सही करू शकतो. पिन बदला, आणि सही झाली की टोकन काढून खणात ठेवा. दिवसभर मागे लटकत ठेवायचं नाही.

खात्यातून पैसे गेलेले दिसले तर त्याच क्षणी १९३० वर फोन. तक्रार सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर किंवा रायबंदरच्या सायबर ठाण्यात करता येते, पण फोन आधी.

पेडणेकर

आता दुकान पुन्हा बाधित होऊ नये म्हणून. रोज अनोळखी पेनड्राईव्ह लागणार असतील तर अँटिव्हायरसवर एकट्यावर विसंबू नका.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे पेनड्राईव्हसाठी वेगळं मशीन. जुना, ४ जीबी रॅमचा डेस्कटॉप चालतो. त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. विंडोजचा शॉर्टकट आणि व्हीबीएस तिथे चालतच नाहीत आणि लपवलेलं सगळं कंट्रोल-एच दाबलं की दिसतं. अडचणी दोन. तुमचा कॅनन २९०० प्रिंटर कॅप्ट या कॅननच्याच पद्धतीचा आहे, लिनक्सवर तो बसवताना जीव जातो. म्हणून छपाई विंडोजवरच ठेवा. लिनक्सवर फाइल उघडायची, पीडीएफ करायची आणि फक्त पीडीएफ पुढे पाठवायची. दुसरी अडचण मराठी फाँटची: युनिकोड नसलेल्या, कृतिदेव किंवा शिवाजीत टाइप केलेल्या वर्ड फाइली तिथे इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्यासारख्या दिसतात. ते फाँट होम फोल्डरमधल्या ‘टिंब-फाँट्स’ फोल्डरमध्ये टाकले की सुटतं, पण पानाची मांडणी थोडी हलते. अर्जाची पानं छापण्याआधी नजरेखालून घाला.

विंडोजच्या मशीनवर विंडोज स्क्रिप्ट होस्ट बंद करा. रजिस्ट्रीत लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज स्क्रिप्ट होस्ट, सेटिंग्ज. तिथे ‘एनेबल्ड’ नावाचा डीवर्ड करून किंमत ०. व्हीबीएसवर डबल-क्लिक झालं तरी नुसता संदेश येईल. ब्राउझरमधल्या अर्जांच्या कामाला याची गरज नसते. रोजचं काम ॲडमिन नसलेल्या खात्यातून करा. फोल्डर ऑप्शन्समध्ये एक्स्टेन्शन दाखवायला लावा, म्हणजे फोल्डरचं चित्र लावलेली ईएक्सई ओळखू येते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर ‘यूएसबी प्रतिरोध’ फुकट मिळतं, सी-डॅक या सरकारी संस्थेने बनवलेलं. परवानगी न दिलेला पेनड्राईव्ह ते अडवतं.

दोन अँटिव्हायरस एकत्र घालू नका, एकमेकांच्या फाइली अडवतात आणि मशीन रांगतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरच्या व्याख्या त्यानंतरही येत राहतील, पण सिस्टिममधल्या फटी त्याने बुजत नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं. नसेल तर तेच मशीन लिनक्सला द्या.

आणि डिचोलीकरबाब, त्या दिवसांत पेनड्राईव्ह लावून गेलेल्या लोकांना कळवा. ओळखीच्यांना फोन, बाकीच्यांसाठी काउंटरवर ठळक चिठी: ‘पेनड्राईव्हमध्ये एकच शॉर्टकट दिसत असेल तर उघडू नका, फॉरमॅट करू नका, इथे घेऊन या.’ कुणाच्या त्यात मुलीच्या लग्नाचे फोटो असतील, कुणाच्या कोर्टाच्या केसचे कागद. कुणीतरी शेजाऱ्याच्या सल्ल्याने फॉरमॅट मारण्याआधी त्यांच्यापर्यंत पोचायला हवं. ज्यांनी आधीच मारला असेल त्यांना सांगा की पेनड्राईव्हवर पुढे काहीही टाकू नका. क्विक फॉरमॅट असेल तर फोटोरेक या प्रोग्रॅमने बरंच परत मिळतं, फक्त फाइलींची नावं जातात.

डिचोलीकर

चिठी लावली. दुसरं मशीन उद्या पुसतो. एक शेवटचं: काहीजण मोबाइल केबलने जोडून फाइल देतात. त्यातूनही जातं का?

कुळागर

फोन एमटीपी या वेगळ्या पद्धतीने जोडला जातो. त्याला ड्राईव्हचं अक्षर मिळत नाही, म्हणून हे वर्म त्यावर लिहीत नाहीत. कॅमेऱ्याचं किंवा फोनचं मेमरी कार्ड रीडरमध्ये घातलं तर मात्र ते पेनड्राईव्हच समजा. एसडी कार्डाच्या कडेची छोटी सरकती कळ ‘लॉक’कडे करून मगच घाला. मायक्रो एसडीला ती कळ नसते, पण ॲडॉप्टरला असते.